क्लब कुणाचा असतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी एक वेगळाच विषय सुचवला होता. नांदेडच्या एका जुन्या वस्तीत त्याच्या चुलत्याच्या तरुणपणी फुटबॉलचा एक संघ होता. त्या संघाचा इतिहास त्याला लिहायचा होता. साधन म्हणून त्याच्याजवळ होती जमाखर्चाची एक लांबोडकी वही. पुढच्या पानांवर वर्गणी, चेंडूला पंक्चर काढल्याचे पैसे, परभणीला जाण्यायेण्याचे भाडे, एका खेळाडूच्या मोडलेल्या पायासाठी गोळा केलेली रक्कम. मागच्या पानांवर चुलत्याने स्वतः लिहिलेली सामन्यांची वर्णने. भाषा अर्धी मराठी, अर्धी दखनी. विरामचिन्हांचा पत्ता नाही. पण एकेका गोलाचे वर्णन असे की वाचणाऱ्याने वही खाली ठेवू नये.

विषय समितीपुढे आला. समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले, "यात साहित्य कुठे आहे?" कुणी उत्तर दिले नाही. विद्यार्थ्याने शेवटी ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर लिहिले, त्याला बरे गुण मिळाले आणि तो प्रबंध इतर प्रबंधांबरोबर कपाटात गेला. त्या समितीत प्रस्तुत लेखकही होता आणि तोही गप्प बसला होता. हा लेख म्हणजे त्या वेळी न दिलेल्या उत्तराची उशिरा केलेली मांडणी आहे.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक साधा प्रश्न सोडवला पाहिजे. क्लब म्हणजे नेमके काय? खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, मैदान बदलते, क्वचित नावही बदलते. तरी लोक म्हणतात की तो क्लब तोच आहे. मग त्यात टिकून राहते ते काय? आणि ते कुणाच्या मालकीचे असते?

आपल्या भागापासूनच सुरुवात करू. मराठवाड्याचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असे कुणी विचारील. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होते, आणि हैदराबाद तेव्हा भारतीय फुटबॉलचे एक मोठे केंद्र होते. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून अलग होऊन द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम यांच्या संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण कधीच गेलो नाही.

मराठवाड्याच्या इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात हे दोन दिनांक शेजारी ठेवलेले मी पाहिले नाहीत. मुक्तिसंग्राम आपण शिकवतो, भाषावार प्रांतरचना शिकवतो. पण ज्या राज्यातून आपण निघालो त्या राज्याचे खेळाडू त्याच सुमारास जगापुढे उभे होते, ही आठवण आपण बरोबर आणली नाही. राज्य बदलले आणि आपली म्हणता आली असती अशी एक गोष्ट परकी झाली. पण दोष केवळ आपला नाही. तो संघ पोलीस खात्याचा होता. खेळाडू खात्याचे नोकरदार. संघाची शिस्त, पगार आणि सराव खात्याच्या बळावर. १९६३मध्ये रहीम वारले आणि पुढच्या दशकांत ते वैभव ओसरत गेले. रहीम यांच्यावरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट यायला २०२४ साल उजाडावे लागले. खात्याच्या संघाची आठवण खात्याने जपायची असते, आणि खाती आठवणी जपत नाहीत. ती फायली जपतात आणि मुदत संपली की त्याही निकालात काढतात.

दुसरे उदाहरण मुंबईचे. महिंद्र कंपनीचा संघ १९६०च्या दशकापासून मुंबईत खेळत होता. पुढे तो 'महिंद्र युनायटेड' या नावाने ओळखला जाऊ लागला. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. बंगाल, गोवा आणि पंजाब यांच्याबाहेर ती लीग गेली ती एवढ्या एकाच वेळी. कूपरेजवर त्याचे सामने पाहिलेले लोक आजही ती नावे घेतात : होजे बार्रेतो, युसिफ याकुबू, स्टीव्हन डायस. २०१०मध्ये कंपनीने संघ बंद करून लहान मुलांच्या फुटबॉलकडे वळण्याचे ठरवले. निर्णय वाईट हेतूचा होता असे नाही; कंपनीचा पैसा, कंपनीचा हिशेब. पण विजेतेपदानंतर चार वर्षांत संघ नाहीसा झाला आणि त्याला अडवण्याचा अधिकार ज्यांचा होता असे कुणीही नव्हते. प्रेक्षक होते, परंतु प्रेक्षकाला घटनेत जागा नसते.

पुण्याची कथा आणखी पुढची. २००७मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५मध्ये संपला. २०१४पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९मध्ये संपला. त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाला मिळाली. २०२५मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये भगवा-जांभळा सदरा घालून ओरडणाऱ्या मुलाला २०१९मध्ये कुणी सांगितले असेल का, की तू ज्याच्यासाठी ओरडत होतास ती लीगमधली एक जागा होती, आणि जागा बदलून मिळते? इथे क्लब हा शब्दच निसटतो. जे हललं ते काय होते? परवाना.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे समजण्याचे कारण नाही. मेक्सिकोतील नेकाक्सा या क्लबचे चरित्र पाहिले तर आपल्याकडचे तीनही प्रकार एकाच आयुष्यात भेटतात. १९२३मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीचा आणि ट्रामगाड्यांचा असे दोन कामगार संघ एकत्र आले आणि हा क्लब जन्मला. नेकाक्सा हे नाव एका नदीचे. त्या नदीवर कंपनीचे मोठे जलविद्युत केंद्र होते आणि ते राजधानीपासून दूर, पुएब्ला प्रांतात. म्हणजे नावातच क्लब दुसऱ्या गावचा! क्लबला लोक 'वीजवाले' म्हणू लागले. १९३०च्या दशकात त्याने चार वेळा लीग जिंकली. त्या संघाला 'अकरा भाऊ' असे नाव पडले. १९४३मध्ये मेक्सिकन फुटबॉल व्यावसायिक झाले, तेव्हा हा क्लब बाहेर पडला आणि १९५०मध्ये परत आला. १९७१मध्ये तो विकला गेला आणि नव्या मालकांनी त्याचे नाव 'आत्लेतिको एस्पान्योल' करून टाकले. अकरा वर्षे नेकाक्सा नावाचा संघच नव्हता. १९८२मध्ये तेलेव्हिसा या दूरचित्रवाणी कंपनीने तो घेतला आणि जुने नाव परत दिले. १९९०च्या दशकात तीन विजेतेपदे आली. २०००च्या जानेवारीत ब्राझीलमधील जागतिक क्लब स्पर्धेत त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात रेआल माद्रिदला पेनल्टींवर हरवले. आणि २००३मध्ये मालकांनी तो उचलून चारशेहून अधिक किलोमीटर दूर, आग्वास्कालिएन्तेस या शहरात नेला. त्यानंतर तो खालच्या विभागात घसरला, वर आला, पुन्हा घसरला, पुन्हा वर आला. अलीकडच्या काळात अमेरिकन गुंतवणूकदार आणि हॉलिवूडचे नटही त्याचे भागीदार झाले आहेत.

खात्याचा संघ, कंपनीची मिळकत, हलवता येणारी जागा : सगळे झाले. तरीही नेकाक्सा नाहीसा झाला नाही. का? याचे एक उत्तर आपल्या विषयातले आहे. मेक्सिकोतील आजचे एक महत्त्वाचे लेखक हुआन वियोरो हे नेकाक्साचे जाहीर समर्थक. कथा, कादंबरी, वृत्तलेख यांच्याइतक्याच गांभीर्याने त्यांनी फुटबॉलवर लिहिले आहे. २००६मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'देव गोल आहे' असा होतो. अझ्तेका स्टेडियमच्या लाखभर खुर्च्यांमध्ये तुरळक समर्थकांसमोर खेळणारा, नाव गमावलेला आणि पुन्हा मिळवलेला, शहर सुटलेला संघ हा त्या भाषेच्या साहित्यात एक विषय झाला आहे. मालकाने शहर बदलले तेव्हा त्याच्या हाती खेळाडूंचे करार आणि लीगमधली जागा एवढे होते. 'अकरा भाऊ' त्याला विकत घेता आले नाहीत, कारण ते लोकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात होते.

मात्र केवळ लेखनाने क्लब जगतो असे म्हणणे म्हणजे आपल्या व्यवसायाची स्तुती करणे होईल. म्हणून चौथे उदाहरण घेतले पाहिजे, आणि ते आपल्याच राज्यात आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी मराठवाड्यातल्या वाचकाला सहसा माहिती नसते. कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. त्यालाही कारण आहे : लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार घडले ते कोल्हापूरच्या तालमीत आणि पुढे महाराष्ट्र केसरी व रुस्तुम-ए-हिंद झाले. परंतु त्याच कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : ही नावे वाचताना हा फुटबॉल आहे असे बाहेरच्याला वाटणारही नाही. लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, गणेशोत्सव, पूर आला की मदतीला धावणारी मुले आणि फुटबॉलचा संघ हे सगळे एकाच छपराखाली. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा सुरू झाली की पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. विश्वचषकाच्या वर्षी याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात आणि गल्लीच्या तोंडावर परदेशी खेळाडूंचे भव्य फलक लागतात.

'पाटाकडील' हे नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते. व्याकरणाच्या दृष्टीने ते विशेषण आहे : पाटाच्या बाजूची ती. कोणती तालीम? पाटाकडची. हे नाव कुणी जाहिरात संस्थेकडून करून घेतलेले नाही. वाट सांगता सांगता ते पडले आहे. 'महिंद्र' हे नाव मालकाचे, 'पुणे सिटी' हे नाव बाजारपेठेचे, 'पाटाकडील' हे नाव ठिकाणाचे. म्हणून पुण्याचा संघ हैदराबादला जाऊ शकतो. 'पाटाकडील' हैदराबादला जाऊ शकत नाही. तिकडे नेले की ते नावच खोटे पडते. वर्गणी देणारा, संघ निवडणारा, हरल्यावर शिव्या देणारा आणि खेळाडूच्या आजारपणात डबा नेणारा माणूस इथे एकच असतो. क्लब त्याच्या मालकीचा आहे असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, "आमची तालीम." मराठीतला हा 'आमचा' मोठा बारकाईने वापरला जातो. माझे घर, पण आमचे गाव; ज्याची विक्री एकट्याला करता येत नाही ते 'आमचे'.

इथे कोल्हापूरच्या प्रेमात पडून थांबणे सोपे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे. 'आमचा' या शब्दाला दुसरी बाजू आहे. 'आमचा' म्हटला की 'त्यांचा' आलाच. पेठांची ईर्ष्या मैदानाबाहेर पडून हुल्लडबाजीत, दगडफेकीत गेल्याच्या घटना कोल्हापूरला नव्या नाहीत; पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही. शिवाय या संघांचे जग एका स्टेडियमपुरते राहिले. इतकी वर्षे, इतके प्रेक्षक, इतके कौशल्य असूनही राष्ट्रीय लीगमध्ये टिकून राहणारा क्लब त्यातून उभा राहिला नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्यासाठी त्याला पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत जावे लागले. उलट बाजूने, भांडवलाच्या बळावर उभ्या राहिलेल्या मुंबई सिटीने २०२०-२१ आणि २०२३-२४ अशी दोनदा इंडियन सुपर लीग जिंकली. तेव्हा केवळ मुळांनी झाड वाढते असे नाही. त्याला पाणी लागते, आणि पाणी पैशाचे असते.

मग माझा मुद्दा काय? तो असा की पैसा संघ वाढवतो आणि वस्ती संघ टिकवते. पण यांपैकी कोणतीही एक गोष्ट संघाला क्लब करीत नाही. क्लब होतो तो आठवणीने, आणि आठवण दोन पिढ्यांपलीकडे न्यायची तर ती लिहावी लागते. हैदराबाद सिटी पोलीसजवळ यश होते, वस्ती नव्हती. महिंद्रजवळ पैसा होता, समर्थकांना अधिकार नव्हता. कोल्हापूरजवळ वस्ती आहे, पण तिच्यावरचे लेखन बहुतांशी वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवरच राहिले. नेकाक्साजवळ पैसा येत-जात राहिला, वस्तीही सुटली. लेखन उरले आणि त्या लेखनाने क्लबला धरून ठेवले.

साहित्याच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. आपले वाङ्मयीन नियतकालिकांचे जग याच नियमाने चालते. 'सत्यकथा' १९८२मध्ये बंद पडले. मालकी एका प्रकाशनसंस्थेची होती आणि बंद करण्याचा अधिकारही तिचाच होता. तरी 'सत्यकथा' कुणाचे, या प्रश्नाला प्रकाशकाचे नाव हे पुरेसे उत्तर आहे असे कुणी मानत नाही. त्याच्याशी भांडणाऱ्यांचेही ते होते. ज्या लघुनियतकालिकांनी त्याला विरोध केला त्यांच्यापैकी काहींचे चार-पाच अंकच निघाले, आणि तरी आज आपण ती अभ्यासक्रमात शिकवतो. का? कुणीतरी ते अंक जपून ठेवले, कुणीतरी त्यांची सूची केली, कुणीतरी त्यांच्यावर प्रबंध लिहिला. दहा माणसांनी वर्गणी काढून चालवलेले मासिक आणि अकरा माणसांनी वर्गणी काढून चालवलेला संघ यांत मूलतः फरक कोणता? एकाला आपण वाङ्मयीन चळवळ म्हणतो आणि दुसऱ्याला रिकामटेकडेपणा.

मराठीत खेळावर लेखन झालेच नाही असे नाही. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रात खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिले; क्रिकेटवर चांगले ललित लिहिणारेही झाले. पण ते बहुधा मोठ्या खेळाडूंविषयी आणि मोठ्या सामन्यांविषयी असते. वस्तीतल्या संघाची, म्हणजे संध्याकाळी मैदानावर एकत्र येणाऱ्या पंधरा-वीस पोरांची, त्यांच्या भाषेची आणि त्यांच्या आपसांतल्या उतरंडीची नोंद आपल्या साहित्यात फारशी नाही. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने १९६५मध्ये नाक्यावरच्या पोरांची भाषा साहित्यात आणली, तेव्हा गदारोळ झाला. नाक्यावरची पोरे निदान साहित्यात आली. त्याच नाक्यावरून मैदानावर गेलेली पोरे मात्र बाहेरच राहिली.

आमच्या नांदेडात गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. थंडीच्या दिवसांत खालसा हायस्कूलच्या मैदानावर पंजाबपासूनचे संघ येतात, आणि पंजाबी, दखनी, मराठी, हिंदी अशा चार भाषांतून एकाच वेळी आरडाओरडा ऐकू येतो. भाषाविज्ञान शिकवताना भाषासंपर्काची उदाहरणे आम्ही पुस्तकातून देतो आणि हे मैदान महाविद्यालयापासून रिक्षाने थोड्याच अंतरावर असते.

आता त्या वहीकडे परत येतो. "यात साहित्य कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर असे देता आले असते : चुलत्याने केलेल्या गोलाच्या वर्णनात आहे, मोडलेल्या पायासाठी कुणी दोन रुपये दिले आणि कुणी दिले नाहीत या यादीत आहे, मराठीतून दखनीत वाक्य कुठे वळते आणि का वळते, यात आहे. आणि हे सर्व नसते तरी एक गोष्ट उरतेच. त्या संघाला मालक नव्हता, कंपनी नव्हती, परवाना नव्हता. त्याचे अस्तित्व त्या वहीइतकेच होते. वही गेली की संघ झालाच नव्हता. एखाद्या गोष्टीचे असणे तिच्या लिहिले जाण्यावर इतके अवलंबून असेल, तर तो साहित्याच्या अभ्यासाचा विषय नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मराठी विभागाने खेळाचा इतिहास लिहायला घेतला तर कवितेचे काय, कादंबरीचे काय? शिस्तीच्या सीमा असतात. मान्य. प्रत्येक विद्यार्थ्याने हेच करावे असे माझे म्हणणे नाही. पण त्याच त्या दहा कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर दर वर्षी आणखी एक प्रबंध कपाटात जातो, तेव्हा सीमा नेमकी कशाची राखली जाते, याचाही विचार व्हावा. विभागाला खर्च फार नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या तालमी, भजनी मंडळे, क्रीडा मंडळे यांच्या वह्या शोधाव्यात, वृद्ध खेळाडूंची बोलणी ध्वनिमुद्रित करावीत, ती जशीच्या तशी लिहून काढावीत आणि त्यांच्या भाषेवर टिपणे करावीत. यासाठी लागतो तो एक मोबाइल, थोडी चिकाटी आणि समितीतल्या एकाचा होकार.

तो विद्यार्थी आता लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. मध्यंतरी बसस्थानकावर भेटला, तेव्हा वहीचे विचारले. चुलते करोनाच्या साथीत गेले. वही आहे, पण पावसात भिजून मागची काही पाने चिकटली आहेत, असे म्हणाला. म्हणजे नेमकी सामन्यांची. "सर, आता काय करायचं त्या वहीचं?" मी त्याला ती घेऊन यायला सांगितले आहे. येत्या समितीत तो विषय त्याच्या नावे मांडता येणार नाही; त्याची पदवी केव्हाच झाली. मात्र दुसऱ्या कुणाच्या नावे नक्की मांडता येईल, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.